कुणाच्या विश्वासामुळे?



एखादे आजारी मूल बरे झाले की आपण सहज म्हणतो, "आईवडिलांच्या विश्वासामुळे वाचले." आज या वाक्याचा थोडा विचार करू या.

रक्ताच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण करून आपल्या धर्मग्रामातील आठ वर्षांची एक मुलगी पुन्हा धर्मशिक्षणाच्या वर्गाला येऊ लागली आहे. अडीच वर्षे तिच्या आईवडिलांनी परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या केल्या. त्यांच्या कृतज्ञतेच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अनेकांनी त्यांना हेच वाक्य ऐकवले. ते प्रेमानेच उच्चारले होते. परंतु काही पावलांवर आणखी एक माता उभी होती. तिच्या मुलालाही हाच आजार झाला होता. तिनेही नोव्हेना केल्या, उपवास धरले. तिचा मुलगा आज आपल्या दफनभूमीत विसावला आहे. मग तिचा विश्वास कमी पडला काय?

हे लिहिण्यापूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबांशी बोललो व त्यांची संमती घेतली. मुलीची आई म्हणाली, "फादर, लोक असे बोलतात तेव्हा मला संकोच वाटतो. वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवरची आई माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करायची. तिचे बाळ गेले."

तर्काच्या दृष्टीने पाहिले तरी हे वाक्य टिकत नाही. विश्वासामुळे एक मूल वाचले असे म्हटले, तर विश्वासाअभावी दुसरे दगावले असे न बोलताही सुचवले जाते. प्रार्थना ही किंमत ठरते आणि परमेश्वर दुकानदार. उद्या आजार उलटला, तर त्याच आईवडिलांनी आपला विश्वास आटला असे समजायचे काय?

ईयोबाचे मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते खरे मित्र होते. दुःखाचे कारण समजावून सांगू लागले तेव्हा ते चुकले, आणि शेवटी परमेश्वराने दोष दिला तो त्यांना. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. लहान मुले का दुःख सोसतात, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नाही, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१६ मध्ये रोमच्या बाम्बिनो जेसू या बालरुग्णालयाच्या मंडळींपुढे मोकळेपणाने मान्य केले होते. पोपमहोदय जिथे थांबले तिथे आपणही थांबायला हरकत नाही.

मग विश्वास कशासाठी? मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. गर्दीमुळे दार मिळत नाही, म्हणून ते छप्पर उघडतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमानकार सांगतो. आजारी माणूस स्वतः काही बोलल्याचा तिथे उल्लेख नाही. त्याला दुसऱ्यांनी वाहून आणले होते.

मुलीच्या वडिलांनी सांगितले की कित्येक महिने त्यांच्या तोंडून रोझरीचे शब्दच निघत नव्हते. ते चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर नुसते बसत. त्या काळात आळीतल्या घरांनी पाळीपाळीने रोझरी म्हटली. त्यांची बाज आळीने उचलली होती.

ही बाज हातांनीही उचलावी लागते. मुलांच्या या कर्करोगाचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांपेक्षाही कमी. निदान उशिरा होणे, औषधे न मिळणे ही कारणे त्यामागे आहेतच. पण उपचार अर्ध्यावर सोडावे लागणे हेही एक मोठे कारण आहे. रोजगार बुडतो, प्रवासाचा खर्च झेपत नाही, घरी दुसरी मुले असतात. हे कारण दूर करायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

आपल्या तरुणांनी एकदम गर्दी न करता पाळी लावून प्लेटलेट्स दिल्या, कारण त्या सुमारे पाच दिवसच टिकतात. शेजारणीने धाकट्या भावाला आपल्या घरी जेवू घातले, शाळेत पोहोचवले. एक निवृत्त गृहस्थ पहाटेच्या लोकलने सोबत जात. औषधांमुळे मुलीची प्रतिकारशक्ती खालावली तेव्हा समंजस माणसे डबा दारातच ठेवून परतली. "देवाची परीक्षा आहे" असे सांगणाऱ्यांपेक्षा ही माणसे त्या घराला अधिक आठवतात.

त्या मुलासाठीही हेच हात पुढे आले होते. तो वाचला नाही म्हणून ते कष्ट, त्या प्रार्थना वाया गेल्या असे आपण मानत नाही. ज्यांनी येशूला क्रुसावरून उतरवले त्यांनाही त्याचा मृत्यू टाळता आला नव्हता. त्यांनी प्रेमाने त्याचे शरीर उचलले, आणि ती सेवा शुभवर्तमानात कायमची नोंदली गेली.

परंतु त्या मातेचे एक म्हणणे आपण सर्वांनी ऐकायला हवे. "आजारपणात घर माणसांनी भरलेले असायचे. महिन्याच्या मिस्सेनंतर हळूहळू कोणी येईनासे झाले. माझ्यासमोर त्याचे नाव घ्यायला लोक घाबरतात. त्यांना वाटते मला रडू येईल. रडू तर तसेही येते. नाव घेतले तर तो होता एवढे तरी वाटते."

तेव्हा बंधुभगिनींनो, बरे झालेल्या मुलाच्या घरी जाल तेव्हा परमेश्वराचे आभार माना, डॉक्टर-परिचारिकांचे आभार माना, पण विश्वासाची गुणपत्रिका वाटू नका. मूल गमावलेल्या घरी जाल तेव्हा कारणे सांगू नका. बसा, चहा घ्या, त्या मुलाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. त्याचा वाढदिवस लक्षात ठेवा. सांगण्यासारखे काही सुचले नाही, तर ईयोबाच्या मित्रांप्रमाणे गप्प बसा. त्यांचे तेवढेच बरोबर होते.

आजारी लेकरांना, त्यांच्या आईवडिलांना आणि त्यांची बाज उचलणाऱ्या सर्वांना प्रभू बळ देवो.

आपले धर्मगुरू