पावती फाडली म्हणजे जकात पोहोचली असं नाही

धाराशिव,
शबे-बरातचा दुसरा दिवस

समीना बेटा,

 

काल फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. तुझी ऑफिसची वेळ झाली आणि माझ्या मनातलं मनातच राहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिण्यात गेली, त्यामुळं महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मला लिहूनच सुचतं.

इकडं खैरियत आहे. तुझ्या अम्मीचा गुडघा थंडीभर कुरकुरत होता, आता जरा बरा आहे. गेल्या सप्टेंबरातल्या पावसाचं तुला माहीतच आहे. परांडा-भूमकडं शेतं पाण्याखाली गेली, हाताशी आलेलं सोयाबीन सडलं. अजूनही कुणी भेटलं की बोलणं त्यावरच येतं.

पण मला रात्रभर टोचलं ते तुझं एक वाक्य. तू म्हणालीस, "मामू, मागच्या रमजानमध्ये सत्ताविसाव्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला, बघून रडू आलं. त्यातल्या क्यूआरवर चाळीस हजार टाकून दिले. जकात झाली." बेटा, पैसे तू अल्लाहसाठी दिलेस, तुझ्या नियतीबद्दल मला तिळभर शंका नाही. पण ते "टाकून दिले" आणि लगेच "झाली" हे माझ्या गळी उतरत नाही.

आपल्या मराठीत जकात म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला आधी जकात नाका आठवतो. तिथं ट्रक थांबायचा, पावती फाडली जायची, दांडी वर व्हायची आणि ट्रक मोकळा. आपली जकात अशी नाही. ती गरिबाची मिळकत आहे, वर्षभर तुझ्या कपाटात नुसती ठेवलेली. ज्याची आहे त्याच्या हातात ती पडायला हवी, तो तिचा मालक व्हायला हवा. हनफी उलमा याला तमलीक म्हणतात. म्हणून तर जकातीच्या पैशानं मशिदीची भिंत बांधता येत नाही की मय्यतीचं कफन घेता येत नाही. भिंत मालक होत नाही आणि मेलेला माणूसही होत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. दहा-बारा वर्षं झाली असतील. रमजानमध्ये एक सफीर, म्हणजे मदरशासाठी चंदा गोळा करणारा, आला होता. खांद्याला झोळी, हातात छापील पावती बुक, वर कुणाकुणाच्या सहीचा तस्दीकनामा. मदरशात दोनशे यतीम मुलं राहतात म्हणाला, फोटो दाखवले. मी अकरा हजार दिले, शेजारच्या दोन घरांनाही द्यायला लावले. पुढं दिवाळीच्या सुट्टीत एका लग्नाला त्याच गावाकडं जाणं झालं. म्हटलं, मुलं बघून येऊ. पत्र्याची एक लांब खोली होती, दाराला कुलूप. समोरच्या पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, "संध्याकाळी तासभर गावातलीच पोरं येतात अरबी शिकायला, जेवायला आपापल्या घरी जातात." त्या खोलीत चूलही नव्हती. मी खिडकीतून आत पाहिलं, कोपऱ्यात कुराण ठेवायच्या चार रेहाल एकावर एक ठेवलेल्या होत्या, बस्स.

घरी येऊन आपल्या मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सफीर हा देणाऱ्याचा वकील असतो, त्याचा हात म्हणजे तुमचाच हात. रक्कम गरिबापर्यंत गेली नसेल तर ती अजून तुमच्याच जिम्मे आहे. पेन्शनमधून तीन महिने थोडे थोडे करून मी ती जकात पुन्हा दिली. शेजाऱ्यांना सांगायला गेलो तेव्हा मान वर होत नव्हती.

याचा अर्थ मदरशांना देऊ नको असा घेऊ नकोस. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या एका मदरशात आधी जाऊन बसलो. तिथल्या मुन्शीनं न मागता मुदपाकखान्याची वही पुढं ठेवली. रोजचं पीठ किती, डाळ किती, तेल किती, त्या दिवशी ताटावर मुलं किती. दुसऱ्या वहीत प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बाप काय करतो, जकातीला पात्र आहे की नाही. कुणाचा बाप ऊसतोड कामगार, कुणी बिनबापाचं. तिथं मी आजही देतो. पण सगळी जकात मदरशालाच जावी हेही मला पटत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे की शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी जेमतेम चार टक्के मदरशात शिकतात. बाकीच्यांतली बरीचशी जिल्हा परिषदेच्या नाहीतर नगरपालिकेच्या शाळेत असतात, माझ्यासमोर बाकावर बसायची तशी. दहावीनंतर फीपायी गॅरेजवर गेलेली मुलं मी मोजून सांगू शकतो. त्यांच्यासाठी पावती बुक घेऊन कुणी दारात येत नाही.

हिशेबाचं म्हणशील तर, तुझी नानी आठवते ना? रमजानच्या आधी ती सोनं घेऊन सराफाकडं जायची. लच्छ्याचे काळे मणी वेगळे काढायला लावायची, खडे वेगळे, आणि नुसत्या सोन्याचं वजन चिठ्ठीवर लिहून घ्यायची. अक्षर येत नव्हतं, पण जकातीचा चाळीसावा हिस्सा तिला तोंडपाठ होता. साडेसात तोळे सोनं म्हणजे ८७.४८ ग्रॅम, साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, हा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. सोन्यासोबत रोख रक्कम असेल तर चांदीचा निसाब धरायचा, असं तिला सांगितलेलं होतं. तू अकाउंटंट आहेस, तुला हे काय शिकवायचं! फक्त वर्ष चांद्र धर, ते अकरा दिवसांनी आखूड असतं.

हिशेब झाला की नानी पहिल्यांदा स्वतःच्या माणसांची नावं आठवायची. आई-बाप, मुलं-नातवंडं आणि नवरा यांना जकात चालत नाही, पण भाऊ-बहीण, फुफू, खाला, चुलते गरजू असतील तर त्यांचा हक्क आधी. तिथं सवाब दुहेरी, देण्याचाही आणि नातं राखण्याचाही. आणि जकात आहे असं तोंडानं सांगावंच लागत नाही, मनात नियत असली की पुरे. नानी शिरखुर्म्याच्या सामानाच्या पिशवीत, शेवयांच्या पुड्याखाली नोटा ठेवायची. घेणाऱ्या बाईला ती ईदीच वाटायची. आता तू सांगितलेल्या त्या व्हिडिओतली बाई आठव. रेशनचं किट हातात, मागं संस्थेचा बॅनर, तिचा चेहरा सगळ्या दुनियेनं पाहिला. मला हे फोटो बघवत नाहीत. जी संस्था घेणाऱ्याचा चेहरा झाकते, तिच्यावर माझा विश्वास लवकर बसतो.

तू म्हणशील, मामू, दुबईत बसून मी कुणाच्या वह्या बघू? खरं आहे. पाकिस्तानात १९८० च्या कायद्यानं सरकार बँकेतूनच जकात कापू लागलं, मलेशियात राज्याराज्याच्या धार्मिक परिषदा ती गोळा करतात. आपल्याकडं तसं काही नाही, म्हणून विचारपूस ज्याची त्यालाच करावी लागते. चांगली कामं आहेत, बेटा. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून शाळा-कॉलेजं चालवते. दिल्लीचं जकात फाउंडेशन ऑफ इंडिया १९९७ मध्ये सुरू झालं, यूपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना मदत करतं. मुंबईच्या असोसिएशन ऑफ मुस्लिम प्रोफेशनल्सचं इंडिया जकात नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं एकेका गरजू माणसाची मागणी वेगळी दिसते. मी यांची शिफारस करत नाही, नावं एवढ्यासाठी दिली की विचारणार कुठं असं तुला वाटू नये.

आणि विचारायचं ते स्पष्ट विचार. जकातीचं खातं वेगळं आहे का, की सदक्यासारखं ऐच्छिक दान, लिल्लाह, इमारत निधी सगळं एकाच डबक्यात? पगार आणि जाहिरात कशातून होते? सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ हकदार सांगितलेत, त्यात वसुली करणारेही आहेत, तेव्हा खर्च होतो म्हणून कुणाला चोर समजू नकोस. पण टक्केवारीवर चंदा गोळा करणं बरेच मुफ्ती नाजायज मानतात, तेवढं विचारायला लाजू नकोस. यंदाची रक्कम यंदाच वाटली जाते की बँकेत पडून राहते? ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि ऑडिट माग. आपल्या राज्यात ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडं हिशेब द्यावा लागतो, तुला द्यायला त्यांचं काय जातं? आणि चंदा गोळा करणाऱ्या काही अ‍ॅपवर पैसे भरताना खाली "टिप" म्हणून आपोआप काही टक्के जोडलेले असतात, ते शून्य कर. ते जकातीत धरता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. तो क्यूआर तिथल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पुढं पाठवू नकोस. तुमच्या अमिरातीत परवानगीशिवाय चंदा मागणं गुन्हा आहे, २०२१ चा कायदा आहे. चांगुलपणाच्या पोटी तू अडचणीत यावीस, ही कल्पनासुद्धा मला सहन होत नाही. तुझ्या अम्मीला हे मी सांगितलेलं नाही.

पुराचंही लिहितो. गाळ सगळ्यांच्याच शेतात बसलाय, आपल्यांच्याही आणि पाटलांच्याही. जकात बहुतेक उलमांच्या मते मुसलमान हकदारालाच जाते, पण सदक्याला अशी अट नाही. १९९३ च्या भूकंपानंतर मी सास्तूरला गेलो होतो, तेव्हा रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि माणसं भांडी, पत्रे मागत होती. काय पाहिजे हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून या वेळी सदक्याचे पैसे पाठवलेस तर मी आधी गावात जाऊन विचारून येईन.

जकातीसाठी माझ्या नजरेत दोन घरं आहेत. एका मुलीची नर्सिंगची फी अडली आहे. दुसऱ्या घरातली बाई तुझ्या अम्मीच्या नात्यातली, नवरा गेल्यापासून डोक्यावर कर्ज आहे. नावं फोनवर सांगेन, कागदावर नको. पैसे थेट त्यांच्या खात्यात जातील, माझ्या हातातून नकोत.

रमजानला पंधरा दिवस आहेत. त्याआधी त्या व्हिडिओवाल्यांना एक मेल टाक आणि मागच्या वर्षीच्या चाळीस हजारांचं काय झालं ते विचार. उत्तर काय येतं, येतं की नाही, तेवढं मला नक्की कळव.

तुझा,
मामू