वेळ येईल, पण ऊन?

‘प्रत्येकाची फुलायची वेळ वेगळी असते.’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. रिझल्टनंतर, कुणाच्या लग्नात, किंवा नुसतंच व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली फुलाचा फोटो. मला ते खटकायला लागलं ते सोनटक्क्यामुळे.

सोनटक्का आल्याच्या कुळातला. जमिनीत गड्डा, वर खांद्याला लागेल एवढी उंच दांडी. अख्खा पावसाळा नुसती पानं, आणि मोगऱ्याचा बहर कधीच ओसरून गेल्यावर, भाद्रपदाच्या सुमारास पांढरी फुलं. संध्याकाळी घमघमतात, दुसऱ्या दिवशी मान टाकतात. (क्यूबानं याला राष्ट्रीय फूल केलंय. मूळचा तो आपल्या हिमालयाकडचा, पण ते असो.)

पुण्यात आमच्या तळमजल्याच्या घरामागे एकाच गड्ड्याचे दोन तुकडे लावलेत. एक आंब्याखाली, जिथे सकाळचं कोवळं ऊन गाळून येतं. दुसरा कंपाउंडच्या भिंतीलगत, जिथे ते येतच नाही. पाणी तेच, शेणखत तेच. आंब्याखालचा दर वर्षी फुलतो. भिंतीकडचा तीन पावसाळे उंच, हिरवागार आणि फुलाविना. शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘धीर धर गं, त्याची वेळ येईल.’’

पण तो उशीर करतच नाहीये. उन्हावर पानं अन्न बनवतात, ते गड्ड्यात साठतं, त्यातून फूल येतं. साठाच नाही, तर वेळ कसली यायची? सावलीत तग धरणं वेगळं, फुलणं वेगळं. घरचं सगळं आवरून रात्री अकराला पुस्तक उघडणाऱ्या मुलीला ‘तुझी वेळ येईल’ म्हणणं मला म्हणूनच क्रूर वाटतं. म्हणणाऱ्याचं काही जात नाही, आणि बऱ्याचदा भिंत त्याचीच असते.

मग आंबा तोडायचा का? शहरात झाड तोडायला 1975च्या कायद्यानुसार परवानगी लागते, आणि तसा कायदा नसता तरी मी तोडला नसता. शिवाय ऊन अडवते ती भिंत; आंबा तर वाटून घेतोय. उरतं एकच, गड्डा हलवणं. रोपाला ते सोपं. माणसाला ‘तू इथून निघ’ सांगणं हा न्याय की भिंतीची सोय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चैत्रात भिंतीकडचा गड्डा उकरला. वर एवढी पानं होती, खाली जेमतेम अंगठ्याएवढा निघाला.