घातलेल्याचा मोह



गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी भक्त मठात आले. त्यांचे तीन बोअर कोरडे गेले होते. चौथ्यासाठी घरातले सोने मोडावे काय, हा प्रश्न. आम्ही विचारले, "पाणी लागेल असे कशावरून वाटते?" ते म्हणाले, "स्वामीजी, एवढा पैसा घातलाय. आता थांबलो तर सगळा वाया जाईल की!"

या उत्तरात पाण्याचा उल्लेखच नाही, गेलेल्या पैशाचा आहे. मानसशास्त्रात व व्यवस्थापनशास्त्रात या मोहाला बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतात. अमेरिकेतील आर्क्स व ब्लूमर यांनी १९८५ मध्ये यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. समजा, आपण दोन सहलींचे पैसे भरले : एकीचे १०० डॉलर, दुसरीचे ५०. स्वस्त सहलीत अधिक आनंद मिळेल असे वाटते. परंतु दोन्ही एकाच वेळी आल्या आणि पैसे परत मिळत नाहीत. कोठे जाल? निम्म्याहून अधिक जणांनी महाग सहल निवडली!

राज्यकर्तेही यातून सुटत नाहीत. ब्रिटन व फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून कॉन्कॉर्ड विमान हाती घेतले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, तरी काम चालूच राहिले. अखेर प्रवासी सेवेत अवघी १४ विमाने आली. २००३ मध्ये तीही थांबली.

कल्याणच्या आयदक्की मारय्यांची कथा आपण जाणता. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एकदा त्यांनी गरजेहून अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून येण्यास सांगितले. कथा लोभाच्या निषेधाची खरी; पण आणखी एक गोष्ट पाहा. वेचण्याचे श्रम होऊन गेले होते. तरी झालेले श्रम हे तांदूळ ठेवून घेण्याचे कारण ठरले नाही.

मग चिकाटी सोडावी काय? मुळीच नाही. चिकाटी पुढे पाहते, हट्ट मागे पाहतो. मनाला एवढेच विचारावे : आजवर एक पैसाही गेला नसता, तर हे काम मी आज सुरू केले असते काय? उत्तर 'होय' असेल तर निर्धाराने पुढे जावे. 'नाही' असेल तर थांबण्यात लाज नाही. स्वतःला उत्तर सापडत नसेल, तर घरातल्या लक्कम्मेला विचारावे.

त्या भक्तांना आम्ही हेच विचारले. बराच वेळ ते गप्प बसले, मग म्हणाले, "नसतं केलं." सोने घरीच राहिले, रानात कोरडवाहू ज्वारी पेरली. कर्ज अजून फिटायचे आहे. पण ते वाढले नाही.

शरणु शरणार्थी.