कंपवात आणि विकाऊ आशा

नांदेडकडचे आमच्या दिंडीतले एक मृदंगी. चाळीस वर्षे त्यांच्या थापेवर मी कीर्तन उभे केले. आता त्यांचा हात कापतो, पाऊल अडते. डॉक्टरांनी पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात, सांगितला. मुलाने ऐकले की शहरात मूळपेशींचे इंजेक्शन देतात. त्यापायी दोन एकर विकायला निघाले. मला म्हणाले, "महाराज, घेऊ का?"

सज्जनहो, 'प्रारब्ध आहे, भोगा' असे दुसऱ्याच्या दुखण्यावर बोलणे सोपे. पण औषध घेणे हा देहलोभ नव्हे. खाजकुइलीच्या बियांत जे लेवोडोपा असते, तेच या रोगाच्या मुख्य गोळीत आहे. त्याने लक्षणे आवरतात, रोग मुळातून जात नाही. मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, तेथे नव्या रुजवाव्यात ही कल्पना खोटी नाही. जपानात क्योटो येथे 7 रोग्यांवर तसा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत 2025 साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत गंभीर अपाय दिसला नाही, काहींची हालचाल सुधारली. पण सात म्हणजे सातच! शिवाय त्या पेशी शस्त्रक्रियेने मेंदूत नेमक्या जागी सोडल्या होत्या. शिरेत टोचणे ही गोष्ट निराळी.

मग निवाडा कसा करावा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, रक्ताचे काही ठरावीक विकार सोडले तर असा उपचार प्रयोगच समजावा, तो नोंदलेल्या चाचणीतच व्हावा आणि रोग्याकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. यातच धर्मविचार आहे. चाचणीत रोगी दाता होतो, फळाची हमी न मागता पुढच्यांसाठी देह देतो. दुकानात तोच गिऱ्हाईक होतो, आणि विकली जाते ती आशा.

ते म्हणाले, "जमीन माझी, देह माझा." खरे आहे. पण हे दुखणे वर्षानुवर्षांचे. गोळीला, सेवेला पैसा लागणारच, तो एका सुईत घालवून पुढे काय? म्हणून सांगितले, नोंदलेली चाचणी असेल तर धोका नीट विचारून खुशाल जा. पैसे मागितले तर पायरीवरूनच परत फिरा.

तोवर गोळी वेळेवर घ्यावी, चालणे सोडू नये. तालाच्या आधाराने अडलेले पाऊल सुटते, हे वैद्यकालाही मान्य आहे. परवा लातूरच्या सप्ताहात टाळावर त्यांनी पावली टाकली. हात कापत होता, पाऊल मात्र पडत होते.

जमीन अजून विकलेली नाही. मुलगा माझ्यावर रागावला आहे. त्याचा राग मला कळतो, बाप कापताना पाहवत नाही हो.

रामकृष्ण हरि.