ढोल कुणाच्या बाजूचा?

आमच्या गल्लीतला एक मुलगा की-बोर्ड वाजवतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. असा एक मुलगा प्रत्येक गावात असतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, नवरात्रात जागरण, आमच्या मंदिरात विधान असलं की तिथंही तोच. मागच्या वर्षी त्याला नागपुरात एका हॉटेलात काम लागलं. शुक्रवार-शनिवारची रात्र, चार जणांची पार्टी. हॉटेल म्हणजे बार. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं आणि वर म्हणाला, "काकू, आईले नका सांगू जी."

एका रविवारी सकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. भुवईवर पट्टी होती. मी चहा ठेवला. चहा निम्मा झाल्यावर तो बोलायला लागला.

"दोन टेबलांची फर्माइशीवरून जुंपली. एकानं नोट देल्ली होती, दुसऱ्यानं त्याच्याहून मोठी देल्ली. शिवीगाळ झाली, खुर्ची उचलली. मालक मांगून हात करून सांगे, वाजवत राहा, वाजवत राहा. मले कसंतरीच झालं. एका पोराच्या तोंडातून रक्त येऊन रायलं अन् म्या नाचाचं गाणं वाजवू? म्या बंद केलं. बंद केल्याबरोबर बाटली आली. काकू, खरं सांगा, थांबलो ते चुकलं का माह्यं?"

माझ्या जिभेवर जे उत्तर आलं ते तुमच्याही आलं असेल. जिथं दारू तिथं भांडण. तू तिथं जायचंच कशाला? पण मी ते गिळलं. त्याच्या वडिलांचं काम सुटलेलं आहे आणि घरातलं विजेचं बिल त्या दोन रात्रींतून भरलं जातं, हे मला ठाऊक होतं. ज्याच्या ताटाची आपल्याला काळजी नाही, त्याला उपदेश वाढणं फार सोपं असतं. आणि दुसरं असं, की मारामारीत वाजणारं वाद्य मी पहिल्यांदा पाहिलं ते बारमध्ये नव्हे. ते मी देवीच्या नावानं, भरदिवसा, माझ्या माहेरी पाहिलं.

माझं माहेर पांढुर्णा, सासर सौंसर. २०२३ साली हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणजे आता माहेर-सासर एकाच जिल्ह्यात आलं. पांढुर्णा म्हटलं की बाहेरचे लोक संत्र्याआधी गोटमार विचारतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावर झेंडी लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्हीकडून दगड सुटतात. कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत पोचायचं आणि झेंडी तोडायची. गोष्ट अशी सांगतात, की पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवली, दोघं नदीत मध्येच गाठले गेले आणि दोन्ही काठांवरून दगड आले. गोष्ट खरी की खोटी, कोण जाणे. दगड मात्र खरे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही आणून ठेवले. लोकांनी दगडच उचलले.

या सगळ्यात ढोल वाजत असतो. "भगाव, भगाव" अशी आरोळी उठते, ढोलाची गती वाढते आणि एक बाजू पुढं सरकते. मग दुसरीकडून आरोळी उठते. लहानपणी आम्ही मुली गच्चीवरून हे बघायचो. त्याच दिवशी तान्हा पोळा. सकाळी धाकटा भाऊ लाकडी बैल ओढत घरोघरी फिरून आलेला असायचा आणि दुपारी आम्ही सगळी गच्चीवर. आजी खालून ओरडायची, "उतरा खाली, काय पाहता ते!" भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. आमच्या शेजारच्या श्वेतांबर कुटुंबाकडं पर्युषण चालू असायचं आणि नेमकं त्याच दिवशी महावीरजन्माचं वाचन. चौथ्या दिवशी, पंचमीला, आमचे दशलक्षण सुरू व्हायचे. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. नदीत दगड, शेजारी पाळणा आणि चार दिवसांनी क्षमा. तेव्हा यात काही विचित्र वाटलं नाही. लहानपणी सगळंच एका रांगेत बसतं.

आज मी त्या ढोलवाल्याचा विचार करते. त्यानं दगड मारला नाही. त्याची कुणाशी दुश्मनी नाही. तो पोटासाठी वाजवतो, किंवा बापानं वाजवलं म्हणून वाजवतो. त्याला विचारलं तर म्हणेल, "आमाले काय जी, आमी वाजवणारे." हेच बँडवाला म्हणतो, डीजेवाला म्हणतो, बारमधला गायकही म्हणतो. प्रश्न असा आहे की हे म्हणणं पुरतं का?

आपल्याकडं लहानपणापासून तीन शब्द कानावर पडतात: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि कुणी करत असताना मनातून "बरं झालं" म्हणणं. तिन्ही कर्मच. प्रतिक्रमणात आपण हे इतक्या वेळा म्हणतो की त्याचा अर्थ झिजून गेलेला असतो. ढोल समोर ठेवून बघा, अर्थ पुन्हा धारदार होतो. ढोल स्वतः मारत नाही. पण थकलेल्या हाताला ढोल उठवतो, हे युद्धात नगारे वाजवणाऱ्या सगळ्या राजांना ठाऊक होतं. ताल अंगात शिरतो, डोक्याची परवानगी घेत नाही. मग वाजवणारा निर्दोष कसा?

पण थांबा. उलट बाजूही आहे आणि तिच्यासाठी जरा लांबचं उदाहरण घ्यावं लागेल. ६ डिसेंबर १९६९. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँट इथं मोटारशर्यतीच्या मैदानावर फुकट संगीताचा कार्यक्रम होता. सुमारे तीन लाख लोक. मंचाजवळच्या बंदोबस्ताला पोलीस नव्हते, हेल्स एंजल्स नावाची मोटारसायकलवाल्यांची टोळी होती. दिवसभर मारामाऱ्या झाल्या. जेफरसन एअरप्लेन या वृंदाचा गायक मार्टी बालिन मार खाणाऱ्याला वाचवायला गेला आणि त्यालाच ठोसा खाऊन बेशुद्ध पडावं लागलं. ग्रेटफुल डेड हा दुसरा वृंद, परिस्थिती पाहून न वाजवताच परतला. शेवटी रोलिंग स्टोन्स मंचावर आले. त्यांनी गाणं मध्येच थांबवलं, लोकांना शांत व्हायला सांगितलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. मंचासमोर मेरेडिथ हंटर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं गेलं. त्यानं पिस्तूल काढलं होतं. मारणारा पुढं स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला. मुलगा मेला हे वाजवणाऱ्यांना तेव्हा कळलं नव्हतं. एकदम सगळं बंद केलं तर गर्दी आणखी भडकेल, या भीतीनं त्यांनी कार्यक्रम पुरा केला.

तीन वृंद, तीन वागणुकी. एकानं उडी घेतली, एक निघून गेला, एक थांबत-थांबत वाजवत राहिला. यातला धर्मानं वागला कोण? मी पुष्कळ विचार केला. उडी घेणाऱ्याचं धाडस मोठं, पण त्यानं मारामारी थांबली नाही. निघून जाणाऱ्यानं आपले हात स्वच्छ ठेवले, पण तीन लाख लोक तिथंच राहिले. वाजवत राहणाऱ्यांना आपण चटकन दोष देऊ. पण त्यांची भीती खोटी होती असं मला म्हणवत नाही. शांतता नेहमी शांत नसते. गाणं बंद पडलं की सगळ्यांच्या नजरा वळतात आणि मग भांडण हाच कार्यक्रम होतो. आमच्या मुलानं बंद केलं आणि बाटली आली, ती यामुळंच.

म्हणून प्रश्न "वाजवावं की थांबावं" असा नाहीच, असं मला वाटू लागलं. मी मुलाला विचारलं, "तुमच्यातले जुने लोक काय करतात रे?" तो म्हणाला, वयस्कर ढोलकीवाले काका आहेत, ते एकदम नाही थांबत. आधी ठेका काढून घेतात. ढोलकी गप्प, मग आवाज कमी, मग संथ चाल. कुणाचं नाव माइकवर घेत नाहीत, कुणाकडं बोट दाखवत नाहीत. "दादा, भाऊ" म्हणतात. नोट कोणाची मोठी हे जाहीर करत नाहीत. दिवे लावायला सांगतात. गायिका असेल तर तिला आधी मागच्या दारानं काढतात, मग वाद्यं उचलतात. आणि हात पोचण्यासारखी जागा उरली नाही तर मात्र बंद, मालक काही म्हणो.

मला हे ऐकून आपली स्वयंपाकघरं आठवली. जेवायला बसलेल्या दोन भावांत जमिनीवरून शब्द वाढतो, तेव्हा घरातली बाई काय करते? ती भाषण देत नाही. ताटात भाकरी वाढते, "ताक घेता का?" विचारते, लेकराला आजोबांच्या मांडीवर नेऊन ठेवते. ती ठेका काढून घेत असते. आपण कधी त्याला विद्या म्हटलं नाही, पण ती विद्याच आहे. आणि तिची मर्यादाही आपल्याला ठाऊक आहे. हात उगारला गेल्यावर ताक विचारत बसणं ही अहिंसा नव्हे; तिथं ताट बाजूला करून उभं राहावं लागतं. आयुष्यभर ताक विचारत राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या शांततेवर इतरांची दांडगाई पोसली गेली.

गायिकेचं निघालं म्हणून आणखी एक. २०२२-२३ च्या सुमारास गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांत हुल्लडबाजी झाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा यायच्या. खुर्च्या तुटल्या, पोलिसांनी काठ्या उगारल्या. चर्चा कशाची? नाचणारीच्या हावभावांची. खुर्ची फेकणाऱ्या हाताबद्दल फार थोडे बोलले. त्यांचं नृत्य आवडावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हिंसेचा हिशोब मांडताना मंचावरच्या बाईच्या खात्यावर सगळं टाकून मोकळं होणं, हे अनुमोदनेचंच एक रूप आहे. मारणाऱ्याला आपण मनातून माफ करून टाकलेलं असतं.

आणि इथं मला पुन्हा नदीवर यावं लागतं. ढोलवाला निर्दोष नाही असं मी म्हटलं. पण त्याच्या हाती काठी असते, सत्ता नसते. त्यानं एकट्यानं थांबवलं तर दुसरा आणतील आणि पुढच्या वर्षी याला बोलावणार नाहीत. बारमधल्या मुलाचंही तेच. तो थांबला आणि पुढच्या शनिवारी त्याच्या जागी दुसरा होता. वाजवणाऱ्याकडून धर्माची अपेक्षा करायची आणि त्याला पैसे देणाऱ्याकडून, आणि बघणाऱ्यांकडून मात्र काही नाही, हा कुठला न्याय?

बघणाऱ्यांत मी होते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. गच्चीवर उभी असताना ढोल वाढला की माझी टाच कठड्यामागं ताल धरायची. एका वर्षी खाली एक माणूस डोकं धरून बसला, बोटांतून रक्त आलं आणि त्याच क्षणी आमच्या काठानं मुसंडी मारली. मी टाळी वाजवली. मी, जिला पाणी गाळून पितात हे शिकवलं होतं, जी मुंगी दिसली की पाय उचलायची. त्या टाळीचा आवाज ढोलात मिसळून गेला, कुणाला ऐकू गेला नाही. मला आजही ऐकू येतो.

गोटमारीत एक गोष्ट मात्र मला अजून विचार करायला लावते. झेंडी तुटली की चंडीमातेचा जयघोष होतो, दगड थांबतात आणि ती झेंडी देवीच्या मंदिरात जाते. म्हणजे थांबणं त्या हातांना येतं. एका खुणेवर येतं. सगळ्यांनी मिळून ठरवलेली खूण असली की शेकडो हात खाली येतात. ती खूण जरा लवकर का येऊ नये, पहिलं रक्त हीच खूण का असू नये, हे गावानं एकत्र बसून विचारायचं आहे. एकट्या ढोलवाल्यानं नाही.

मुलाला मी काय सांगितलं? म्हटलं, "थांबलास ते चुकलं नाही. कसं थांबायचं ते त्या काकांकडून शीक. आणि बंद केल्यावर मालकानं काढलं, तर ते तुझं पाप नाही." त्यानं विचारलं, "अन् आईले?" मी म्हटलं, "आईला सांग. मी येते सोबत."

गेलो. त्याची आई गप्प बसून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "लागलं होतं त मले का नाही सांगतलं रे?"

यंदा आमच्या वाड्यातल्या लग्नात वरातीची बोलणी करायला बँडवाले आले, तेव्हा मी मध्ये बसले. सगळ्यांसमोर एक अट घातली. वरातीत कुणी कुणावर हात टाकला की वाजवणं बंद करायचं, आणि पैसे पूर्ण मिळतील. बँडमास्तर माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "बाई, हे आजवर कोणी बोललं नाही आमाले."