दोष प्रिंटरचा नाही

जर्नल इकडे आण. पान सोळा उघड. गुणांच्या टेबलवरची क्वेरी तू चालवलीस, ती मी ओळ न् ओळ वाचली, बरोबर आहे. पण ‘एकूण’चा जो कॉलम काढायला सांगितला होता, नेमका तोच कागदाबाहेर गेला आहे. बाहेरून येणारे परीक्षक कागदावरचं तपासतात, तुझ्या डोक्यातलं नाही. उत्तर येत असून गुण घालवायचे, याचा मला संताप येतो.

‘सर, स्क्रीनवर बरोबर होतं, प्रिंटरनं सरकवलं.’ हे पुन्हा ऐकवू नकोस. प्रिंटरमध्ये कागद तिरका गेला असता तर मजकूरही तिरका आला असता. तुझ्या ओळी सरळ आहेत, स्क्रीनशॉटची चित्रंच तेवढी भरकटली आहेत. हे बघायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण तू बघितलंच नाहीस.

वर्डमधली फाईल उघड. होम टॅबवर उलट्या पीसारखं चिन्ह आहे, ते दाब. दिसली ठिपक्यांची रांग? चित्राशेजारचा मजकूर जागेवर आणायला तू स्पेसबार बडवत बसला होतास. चित्राला ‘स्क्वेअर’ लेआउट दिलास, म्हणजे ते ओळीत बसलेलंच नाही, कुठल्यातरी परिच्छेदाला अँकर होऊन तरंगतंय. वर दोन ओळी वाढल्या की तो परिच्छेद खाली जातो आणि चित्रही त्याच्यामागे जातं. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुझा मराठी फॉन्ट नसला, तर ओळी वेगळ्या तुटतात आणि सगळंच हलतं. ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ कर, चित्राला स्वतंत्र ओळ दे, कंट्रोल-ई दाबून मध्ये आण. त्या ओळीला ‘कीप विथ नेक्स्ट’ लाव, म्हणजे चित्र एका पानावर आणि त्याखालची ओळ दुसऱ्या पानावर असं होणार नाही. पान एकोणीसवर चित्राची नुसती पट्टी का उरली? ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवलंस म्हणून. ते ‘सिंगल’ कर.

कागदाचा आकारही बघ. फाईल ‘लेटर’वर आहे, म्हणजे २१.५९ बाय २७.९४ सेंटिमीटर. आपण छापतो ए-फोरवर, २१ बाय २९.७. रुंदीत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक पडला, मग कडेचा कॉलम राहील कसा? हे वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं.

आणि अख्खा स्क्रीन कशाला उचललास? टास्कबार, घड्याळ, उघडे टॅब, हे कोणी मागितलं होतं? ए-फोरवर दोन्हीकडे २.५४ सेंटिमीटर मार्जिन सोडलं की १५.९२ सेंटिमीटर उरतात. त्यात १९२० पिक्सेल कोंबलेस तर अक्षरं वाचणार कोण? आधी खिडकी अरुंद कर, आतली अक्षरं मोठी कर, मग ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाब, म्हणजे तेवढीच खिडकी येते. चित्र लहान-मोठं करताना कोपऱ्याला धरून ओढ. कडेला धरून ओढल्यामुळेच पान बावीसवरची अक्षरं चपटी झाली आहेत.

तू आळशी नाहीस, हे मला ठाऊक आहे. क्वेरी चुकली तेव्हा उशिरापर्यंत लॅबमध्ये बसून ती सोडवलीस. मग तेच काम कागदावर उतरवताना एवढी बेफिकिरी कशी चालते? प्रिंट प्रिव्ह्यू उघडून तरी बघायचंस!

आता बस, सोळाव्या पानापासून सुरू कर. सगळं झालं की पीडीएफ कर आणि दुकानात वर्डची फाईल न देता तीच दे. तिथं ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’वर छापायला सांग. आधी सोळावं पान एकटंच काढून आण. मी पाहीन, मग बाकीची छाप.