ऊन सर्वांवर, सावली कोणावर?

वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या मंडळ्यांत दोन प्रकारचे बोलणे कानी येते. कोणी म्हणतो, "उन्हाळा काय आजचा आहे? आमच्या आजोबांच्या वेळीही ग्वाल्हेरला लू वाहतच होती." दुसरा म्हणतो, "हे सारे श्रीमंत राष्ट्रांनी करून ठेवले आहे. आपण गरिबांनी काय करावे?" दोन्ही बोलण्यांत काही तथ्य आहे. परंतु दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात : आपल्याला काही करावयाचे नाही. ख्रिस्ती मनुष्याने तेथे थांबावे काय, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

पहिले बोलणे प्रथम घेऊ. लू जुनी आहे हे खरे, पण तिचे मान आता पूर्वीचे राहिलेले नाही. 19 मे 2016 रोजी राजस्थानातील फलोदी येथे पारा 51 अंशांवर गेला. 2024 हे साल, मोजमाप होऊ लागल्यापासूनचे, साऱ्या पृथ्वीवरचे सर्वांत उष्ण साल ठरले. कोळसा व तेल जाळल्याने हवेत कर्बवायू वाढतो आणि तो पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो, हा हिशेब स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने 1896 सालीच मांडला होता. 1958 पासून हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हा वायू मोजला जातो. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आज 420 च्या वर आहे.

काही भाविक जन म्हणतात की नोहाला दिलेल्या वचनाप्रमाणे (उत्पत्ती 8:22) ऋतुचक्र अखंड चालणार, मग हवामानाची चिंता हा अविश्वास नव्हे काय? पण त्याच वचनात पेरणी आणि कापणीही आहे. म्हणून कोणी शेतकरी नांगर खुंटीला टांगून बसत नाही. देवाचे वचन आपल्या कामाला आधार देते, आळसाला नव्हे. जगातील हवामानाच्या अभ्यासासाठी राष्ट्रसंघाने नेमलेल्या मंडळात शास्त्रीय परीक्षणाच्या गटाचे नेतृत्व अनेक वर्षे करणारे सर जॉन हॉटन हे स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होते. निर्मात्यावरील विश्वासच त्यांना निर्मितीचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवावयास लावी.

आता दुसरे बोलणे. अमेरिकेतील एक मनुष्य वर्षाला जितका कर्बवायू हवेत सोडतो, त्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकाच भारतातील मनुष्य सोडतो. तेव्हा श्रीमंत राष्ट्रांनी अधिक भार उचलावा ही मागणी न्यायाचीच आहे. पण जो न्याय आपण परराष्ट्रांकडे मागतो, तो आपल्या गल्लीत पाळतो काय? वातानुकूलित खोलीतील उष्णता नाहीशी होत नाही, यंत्र ती बाहेर फेकते. ती कोणाच्या खिडकीत जाते? भर दुपारी आपल्या घरी सिमेंटची पोती चढविणारा हमाल कोणाच्या सोयीसाठी ती वेळ धरतो? देशादेशांतला अन्याय आपल्या अंगणातही लहान रूपाने उभा असतो, आणि तेथे मात्र श्रीमंत राष्ट्र आपण असतो.

प्रभू येशूने शिकविले की पिता आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच उगवितो (मत्तय 5:45). ऊन देव सर्वांना देतो. सावलीची वाटणी मात्र माणसे करतात.

ही वाटणी शरीरावर काय करते ते पाहा. आपले शरीर घाम वाळवून थंड राहते. हवा दमट असली की घाम वाळत नाही. म्हणून समुद्रकाठी पारा कमी असूनही जीव कासावीस होतो. पत्र्याचे छप्पर रात्रीही तापलेले राहिले की शरीराला विसावा मिळत नाही. अशा दोन-चार रात्रींनंतर म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि मजुरीवर जाणारे खचतात. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला. नंतरच्या अभ्यासात आढळले की त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले होते. 2015 साली आंध्र व तेलंगण मिळून दोन हजारांहून अधिक माणसे उष्म्याने दगावली. पवित्र शास्त्रालाही हे दुःख ठाऊक आहे. कापणीच्या दिवसांत शेतावर गेलेला शूनेमचा मुलगा डोके धरून ओरडला आणि दुपारी आईच्या मांडीवर गतप्राण झाला (2 राजे 4). तो उन्हाचाच बळी असावा असे पुष्कळ भाष्यकार मानतात.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात पहाटेपासून राबणारे मजूर दिवसभराच्या कष्टाची आणि उन्हाची तक्रार करतात (मत्तय 20). आपण त्यांच्या कुरकुरीला नेहमी दोष देतो. पण ऊन हा भार नाही, असे धनी त्यांना एका शब्दानेही म्हणत नाही. मजुराचे ऊन प्रभूच्या हिशेबात आहे.

या प्रश्नाचे मर्म पवित्र शास्त्रातील दोन सावल्यांत आहे. योना निनवे शहराबाहेर मांडव घालून सावलीत बसला, तो शहराचे काय होते ते पाहावयास. वेल वाळला तेव्हा तो संतापला. त्याला वेलाचे दुःख होते, शहराचे नव्हते. उलट अब्राहाम मम्रे येथे भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसला होता. तीन वाटसरू दिसताच तो धावत गेला, पाय धुण्यास पाणी आणविले आणि त्यांना झाडाखाली विसावा दिला. सावली दोघांनाही लाभली होती. एकाने तिच्यातून शहराचा नाश पाहण्याची वाट पाहिली, दुसऱ्याने तिच्यातून वाट चालणारा पाहिला. उन्हाच्या कारणांवर वादविवाद करणारे आपणही सावलीतच बसलेले असतो. प्रश्न एवढाच, की आपले तोंड कोणीकडे आहे?

कोणी म्हणेल, पाणपोई घातल्याने पृथ्वीचा ताप उतरेल काय? नाही उतरणार. त्यासाठी राष्ट्रांना आपली चाल बदलावी लागेल, आणि ती बदला असे सांगणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे. पण दवा शोधेपर्यंत रोग्याला पाणी द्यावयाचे नाही, असे कोणी सुज्ञ मनुष्य म्हणत नाही. अहमदाबादने 2013 साली उष्म्याविरुद्ध योजना आखली : आगाऊ इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. योजनेनंतर मृत्यू घटल्याचे अभ्यासकांना आढळले. तेलंगण सरकारने 2023 साली थंड छपरांचे धोरण जाहीर केले. छपराला पांढरा चुना दिला तरी घरातील उष्णता काही अंशांनी कमी होते. हे काम आपल्या तरुण संघाला एका शनिवारी करता येणार नाही काय?

मंडळीच्या पंचांनी मे महिन्यातील उघड्यावरच्या सभा सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्तानंतर ठेवाव्यात. दुपारी उपासनामंदिराला कुलूप असते. त्याचा व्हरांडा वाटसरूंना व फेरीवाल्यांना उघडा का नसावा? स्त्रियांच्या मंडळाने एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी रोज एक फेरी ठेवावी. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना योनाची गोष्ट माशापाशी न संपविता वेलापर्यंत सांगावी. त्याबरोबर हेही शिकवावे : उन्हात कोणी बरळू लागला वा कोसळला तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये आणि तत्काळ 108 वर कळवावे.

आणि ज्यांच्या घरी कोणी राबावयास येते, त्यांनी दुपारचे काम सकाळवर न्यावे. मजुरी मात्र पूर्ण द्यावी. यात उपकार नाही, हा न्याय आहे.

थंड पाण्याच्या एका प्याल्याचेही प्रतिफळ बुडणार नाही, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय 10:42). उष्ण देशात राहणाऱ्या प्रभूला थंड पाण्याची किंमत ठाऊक होती. आपल्यालाही ती ठाऊक आहे. तेव्हा यंदाच्या उन्हाळ्यात वादाची बाजू निवडण्याआधी आपण आपल्या दाराबाहेर पाहू या, आणि प्रभूपाशी एवढेच मागू या की जी सावली त्याने आपल्याला दिली, तिच्यात आणखी एकासाठी जागा करण्याचे मन त्याने आपल्याला द्यावे.